ओरिन त्वेटचा जड आकडा

ओरिन त्वेटच्या गाडीवर कुठल्या उमेदवाराचं नाव चिकटवलेलं कधी कोणी पाहिलं नाही. घरापुढच्या हिरवळीवर निवडणुकीची पाटी नाही, कुठल्या मागणीपत्रावर सही नाही. रविवारी चर्चच्या तळघरात कॉफी पिता पिता कोणी गव्हर्नरला शिव्या घालायला लागलं की हा उठून कप विसळायला जायचा. लोकांना आधी वाटायचं, गरीब गाय आहे बिचारा. मग कळायचं की नोकरीच तसली आहे. विधिमंडळाच्या अर्थसंकल्प कार्यालयात तो विश्लेषक होता, आणि ते कार्यालय एका पक्षाचं नाही, दोन्ही पक्षांचं. आमदाराने विधेयक आणलं की त्यापायी किती खर्च येईल याचं टिपण यांनी लिहायचं. विधेयक बरं की वाईट हे लिहायचं नाही. कोणी खोदून खोदून विचारलं तरी सांगायचं नाही.

हे सगळं ऑफिसपुरतं राहिलं असतं तर ठीक होतं. पण तीस-बत्तीस वर्षं तोंडाला लावलेलं कुलूप संध्याकाळी घरी आल्यावर आपोआप थोडंच उघडतं. त्याची बायको मार्लिस पाहुण्यांना सांगायची, "याला विचारा, सूपमध्ये मीठ बरोबर पडलंय का. म्हणेल, काहींना कमी वाटेल, काहींना जास्त." पाहुणे हसायचे, तीही हसायची. अलीकडे ती हे सांगायची तेव्हा हसत नसे. मीठ किती घालायचं ते तिचं तीच ठरवून मोकळी व्हायची.

आमच्याकडे विधिमंडळ एक वर्षाआड भरतं, जानेवारीत सुरू होतं आणि एप्रिल संपता संपता उठतं. त्या चार महिन्यांत दोन वर्षांचा हिशेब उरकायचा, म्हणजे कार्यालयातल्या माणसांची हाडं खिळखिळी होतात. ओरिनने अशी किती तरी अधिवेशनं काढली होती. दर वेळी नवे चेहरे यायचे आणि तेच जुने प्रश्न तावातावाने विचारायचे. तो प्रत्येकाला पहिल्यांदाच ऐकल्यासारखं उत्तर द्यायचा. आता साठी उलटली होती, गुडघे दुखत होते, आणि बर्फाच्या चिखलातून गाडी काढताना सकाळीच त्याच्या मनात यायचं की आज कोणी काही विचारू नये. खरं सांगायचं तर तो थकला होता, आणि थकलोय हेही त्याने कोणाला सांगितलं नव्हतं, कारण ते मतच झालं असतं.

त्या जानेवारीत गव्हर्नरचा अर्थसंकल्प आला आणि त्यात एका ओळीत स्कार्वोल्डचं होम बंद करायचं लिहिलेलं होतं.

स्कार्वोल्ड म्हणजे ओरिनचं गाव. पार पूर्वेला, गव्हाच्या पठारावर, राजधानीपासून अख्ख्या दिवसाच्या रस्त्यावर. म्हाताऱ्या, आजारी माणसांना ठेवून घेणारं सरकारी निवासगृह तिथे होतं, त्याला सगळे नुसतं होम म्हणत. ओरिनचा थोरला भाऊ वर्लिन तिथे राहत होता. ओरिन शिकायला म्हणून जो गावाबाहेर पडला तो पडलाच. वर्लिन शेतावर राहिला, लग्न केलं नाही, म्हाताऱ्या बापाचं सगळं शेवटपर्यंत त्यानेच केलं. मग एका वसंतात पेरणीच्या तोंडावर त्याला पक्षाघाताचा झटका आला. डावा हात गेला, डावा पाय फरफटायला लागला, जीभ जराशी जड झाली. डोकं मात्र होतं तसंच राहिलं, आणि त्यातला खवचटपणाही. शेत भाड्याने देऊन तो होममध्ये आला. त्याच्या खोलीच्या खिडकीतून त्याचंच शेत दिसायचं. ते भाड्याने घेणारा पोरगा पेरणीला उशीर करतो, नांगराचे तास वाकडे काढतो, म्हणून वर्लिन खिडकीत बसून दिवसभर कुरकुर करायचा आणि त्यावर त्याचा दिवस मजेत जायचा. बर्नडीन नावाची नर्स होती. तिच्या बापाचा ट्रॅक्टर वर्लिनने आयुष्यभर फुकट दुरुस्त केलेला, त्यामुळे ती त्याला मुलीच्या हक्काने रागवायची आणि तो मुकाट्याने गोळ्या घ्यायचा. ओरिनला भावाची काळजी करावी लागत नव्हती, ती या होममुळे.

आता जूनअखेर होम बंद झालं की तिथल्या माणसांना राज्यभर जिथे खाट रिकामी असेल तिथे पाठवणार. खिडकीतलं शेत गेलं, बर्नडीन गेली, की वर्लिन किती टिकेल, हे ओरिनला कोणी सांगायची गरज नव्हती.

सिनेटर जोलीन आसेन हिने होम चालू ठेवण्याचं विधेयक आणलं. ती त्याच भागातली, शाळेत ओरिनच्या मागच्या बाकावर बसणारी. विधेयक आलं म्हणजे टिपण आलं, आणि आरोग्य खात्याची टिपणं ओरिनकडे.

तो कार्यालयाची प्रमुख ग्वेन पेट्राकिस हिच्या खोलीत गेला. "ग्वेन, हे मी करू नये. माझा भाऊ तिथे आहे. दुसऱ्या कोणाला तरी दे."

"कोणाला देऊ?" ग्वेनच्या टेबलावर अर्धवट खाल्लेलं सँडविच होतं, दुपारपासून तसंच. "डार्सी बाळंतपणाला गेलीय. तिच्या जागेवर आणलेला नोकरी सोडून बँकेत गेला. उरलेल्यांना रस्ते आणि शाळा कळतात. नर्सचा पगार कशाशी खातात ते तुझ्याशिवाय इथे कोणाला ठाऊक आहे?"

"तरीपण."

"थांब, विचारते."

तिने रीतसर दोन्ही पक्षांच्या नेत्यांना फोन करून सांगितलं की असं असं आहे, तुमची हरकत आहे का. जोलीनच्या बाजूला हरकत असण्याचा प्रश्न नव्हता. गव्हर्नरच्या बाजूने सिनेटर रॉयस किमेल होता, होम बंद व्हावं म्हणणाऱ्यांत सगळ्यात पुढे. तो फोनवरच हसला. म्हणाला, "ओरिनबद्दल विचारताय? अहो, त्याच्या स्वतःच्या आईचं घर विकायला निघालं असतं तरी त्याने छपराची गळती आधी दाखवली असती. करू दे त्यालाच."

हे वाक्य दोन दिवसांत कॅपिटॉलभर, म्हणजे विधिमंडळाच्या अख्ख्या इमारतीत झालं. कॅन्टीनमध्ये, लिफ्टमध्ये लोक ओरिनच्या पाठीवर थाप मारायला लागले. दुसरा कोणी सुखावला असता. ओरिन मात्र लिफ्ट सोडून जिन्याने जायला लागला. इतक्या वर्षांत हा एकच पैसा त्याने गाठीला बांधला होता, की दोन्हीकडची माणसं त्याच्यावर डोळे मिटून विश्वास टाकतात. आणि तो नेमका आता पणाला लागला होता.

टिपण लिहायला बसला तेव्हा त्याने स्वतःवरच पहारा बसवला. अशा टिपणात पक्क्या गोष्टी थोड्या असतात, बाकी सगळा अंदाज. छप्पर आणखी दोन वर्षं निघेल की आत्ताच बदलावं लागेल? बॉयलर दुरुस्तीत भागेल की नवा? सगळ्यात मोठी गोष्ट नर्सेसची. गावात नर्सेस मिळेनात, म्हणून खातं एजन्सीच्या नर्सेस बाहेरून आणत होतं, आणि त्यांना दुप्पट पैसे मोजावे लागतात. दोन वर्षांपूर्वी पश्चिमेकडच्या अशाच एका होमचं टिपण ओरिननेच लिहिलं होतं. तेव्हा त्याने धरलं होतं की अर्ध्या जागा हळूहळू गावचीच माणसं भरतील, आणि भरल्याही होत्या.

स्कार्वोल्डलाही भरणार होत्या. जिल्ह्याच्या कॉलेजात नर्सिंग शिकणाऱ्या गावच्या मुली उन्हाळ्यात परत येताहेत, बर्नडीनने त्यांना आत्ताच गळाला लावून ठेवलंय, हे ओरिनला माहीत होतं. पण कोणाकडून माहीत होतं? वर्लिनकडून, रविवारच्या फोनवर. जे भावाच्या तोंडून आलं ते टिपणात कसं घालायचं? कॉलेजला एक फोन केला असता तर तीच गोष्ट रीतसर मिळाली असती. दुसऱ्या कुठल्याही गावासाठी त्याने तो केला असता, तेही सकाळच्या कॉफीआधी. इथे त्याला वाटलं, आपण भावासाठी धावाधाव करतोय असं दिसेल. त्याने फोन केला नाही. सगळ्या नर्सेस एजन्सीच्याच धरल्या. छप्पर नवं धरलं, बॉयलर नवा धरला. जिथे जिथे दोन अंदाज समोर आले तिथे तिथे जड होता तो उचलला आणि मनाशी म्हणाला, हे सरळ झालं. आकडा आला एक्कावन्न लाख डॉलर.

ग्वेनने टिपण वाचलं, चष्मा कपाळावर सरकवला. "सगळ्या नर्सेस एजन्सीच्या? मागच्या वेळी त्या दुसऱ्या होमला तू अर्ध्या धरल्या होत्यास ना?"

"ते गाव मोठं होतं."

"फार नाही."

"जड बाजूने असलेलं बरं, ग्वेन. नंतर कोणी बोट दाखवायला नको."

ग्वेनने त्याच्याकडे पाहिलं. तिच्यापुढे अशी अजून वीस-पंचवीस टिपणं पडली होती. तिने सही केली.

दुसऱ्याच दिवशी जोलीन आसेन तरातरा त्याच्या टेबलाशी आली. बसली नाही. "एक्कावन्न? ओरिन, थॅडने काय सांगितलंय माहितीय ना? त्याच्याकडे सगळ्या होम्ससाठी मिळून पंचेचाळीस लाख उरलेत. त्यावर एक डॉलर नाही."

थॅड बर्कहॉल्टर हा अर्थ समितीचा अध्यक्ष. शब्दाचा पक्का, आणि हाताचा घट्ट.

"मला माहीत आहे," ओरिन म्हणाला.

"तू काहीतरी कर असं म्हणायला मी आले नाहीय. म्हणणारही नाही. एवढंच सांग, आकडा बरोबर आहे?"

"काय काय धरलंय ते टिपणात दिलंय. पान तीन."

जोलीनने हात टेकले टेबलावर. "शाळेत मुतायला जायची परवानगी मागतानासुद्धा तू असाच बोलायचास, की 'काही मुलांना जावंसं वाटत असण्याची शक्यता आहे.' मी पान तीन वाचलं, बाबा. मला तुझ्या तोंडून ऐकायचं होतं."

ती गेली. तिच्या बुटांना लागलेला बर्फ त्याच्या टेबलापाशी वितळत राहिला आणि तो त्याच्याकडे बघत बसला.

रविवारी वर्लिनचा फोन आला. "काय रे, मला विकायला काढलंस म्हणे?"

"तसं नाहीय ते, वर्लिन."

"इथे सगळ्यांनी वाचलंय. रेडिओवर पण सांगितलं. एक्कावन्न लाख. मी तर बर्नडीनला म्हटलं, माझ्या खाटेला एवढी किंमत येत असेल तर विकून टाका, आपण दोघं हवाईला जाऊ." मग जरा थांबून, जड जिभेने म्हणाला, "तुला विचारत नाहीय मी काही. तू आपली नोकरी कर."

हे 'तू आपली नोकरी कर' वर्लिन अगदी मनापासून म्हणाला होता. टोमणा असता तर ओरिनला सोपं गेलं असतं.

सुनावणी मार्चमध्ये झाली. आमच्या समित्यांची एक रीत आहे. अध्यक्ष आधी विचारतो, विधेयकाच्या बाजूने कोण बोलणार? ते बोलतात. मग विरोधात कोण? ते बोलतात. मग शेवटी, माहिती देण्यासाठी कोणी आहे का? तेव्हा ओरिनसारखी माणसं उठतात, नाव सांगतात, कार्यालय सांगतात, आणि विचाराल त्याचं उत्तर देऊ म्हणून बसतात. ओरिन उभ्या आयुष्यात या तिसऱ्या रांगेतूनच बोलला होता.

बाजूने बोलायला स्कार्वोल्डहून दोन गाड्या भरून माणसं आली होती. बर्नडीन होती, नर्सच्या कपड्यांवर कोट चढवून. तिला बोलायला दोन मिनिटं मिळाली, त्यातलं एक ती नुसती घसा खाकरत उभी राहिली. मग म्हणाली, "ही माणसं कुठेही गेली तरी जगतील असं तुम्हाला वाटतं. मी त्यांना रोज अंघोळ घालते. मला तसं वाटत नाही." एवढं बोलून बसली. जाता जाता तिने ओरिनकडे पाहिलं. ओरिनने कागदात डोकं घातलं.

माहितीसाठी म्हणून तो उठला, एक्कावन्न लाखांचा आकडा सांगितला. किमेलने विचारलं, यात काही लपलेला खर्च राहिलाय का? ओरिन म्हणाला, नाही. जोलीनने विचारलं, आकडा यापेक्षा कमी होऊ शकतो का? ओरिन म्हणाला, गृहीत धरलेल्या गोष्टी बदलल्या तर बदलतो. तिने पुढे विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं. अध्यक्षांनी प्रश्न संपल्याचं जाहीर केलं आणि समितीची आपसातली चर्चा सुरू झाली. तिथून पुढे कार्यालयाच्या माणसाने तोंड उघडायचं नसतं. खुर्चीवर बसायचं, पेन्सिल धरायची, भिंतीकडे बघायचं.

किमेल उठला. चांगला बोलणारा माणूस, आणि खोटं बोलणारा नव्हे, हेही सांगायला हवं. "अध्यक्ष महोदय, मला या गावाबद्दल सहानुभूती आहे. कोणाला नसेल? पण मी तुमचं लक्ष एका गोष्टीकडे वेधतो. हे टिपण लिहिणाऱ्या माणसाचा सख्खा भाऊ त्याच होममध्ये आहे. आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. तो माणूस, ज्याचं स्वतःचं रक्त तिथे खाटेवर आहे, तोसुद्धा सांगतो की एक्कावन्न लाख लागतील. मग हा आकडा एक डॉलरनेही फुगवलेला नसणार. उलट मी म्हणेन, कमीच धरला असेल. याहून मोठा पुरावा मी आणू शकत नाही."

समितीतली माणसं माना डोलवू लागली. एकदोघांनी ओरिनकडे कौतुकाने पाहिलं.

ओरिनने पेन्सिल खाली ठेवली. आत्तापर्यंत त्याने हे असं मांडून पाहिलंच नव्हतं. त्याला वाटत होतं, आपण भाऊ बाजूला ठेवून टिपण लिहिलं. आता कळलं की त्या टिपणात भावाशिवाय दुसरं काही नव्हतं. भाऊ तिथे नसता तर आकडा वेगळा आला असता. बाजू घेतली नाही हे दाखवायला त्याने विरुद्ध बाजू घेतली होती, आणि तीच आता पुरावा म्हणून मांडली जात होती.

तो उभा राहिला.

थॅड बर्कहॉल्टरने चष्म्यावरून पाहिलं. "ओरिन? तुम्हाला कोणी काही विचारलेलं नाही."

"माहीत आहे, अध्यक्ष महोदय. टिपणात दुरुस्ती आहे."

"आत्ता?"

"आत्ता."

ओरिनने उभ्या उभ्या सांगितलं. नर्सेसच्या बाबतीत दुसऱ्या होमला जी पद्धत लावली होती ती इथे लावलेली नाही. छप्पर आणि बॉयलर, दोन्हींचे जड अंदाज घेतलेत. कॉलेजकडे चौकशी करायला हवी होती, केली नाही. इतर गावांना लावतो तीच मोजपट्टी लावली तर आकडा चव्वेचाळीस लाखांच्या आसपास येतो. "चूक माझी आहे," तो म्हणाला. "भाऊ तिथे आहे म्हणून मी जड धरलं."

चव्वेचाळीस. थॅडच्या पेटीत पंचेचाळीस. खोलीतल्या प्रत्येकाला ही वजाबाकी एका क्षणात जमली.

किमेल उठला नाही, बसूनच बोलला, आणि आवाजात राग नव्हता, दुखावल्यासारखं होतं. "ओरिन, म्हणजे आधीचा आकडा भावामुळे जड होता, आणि नवा आकडा योगायोगाने नेमका पेटीत बसतो. आम्ही कोणता खरा मानायचा?"

"दुसरा."

"आणि उद्या सकाळी विचारलं तर तिसरा?"

मागे कोणीतरी हसलं. ओरिनला वाटलं, कागद दाखवावेत, बेरीज करून दाखवावी. पण बेरजेवर कोणाचा आक्षेपच नव्हता. इतकी वर्षं त्यांनी त्याच्या बेरजा कधी तपासल्या नव्हत्या, माणसाकडे बघून मान डोलावली होती, आणि तो माणूस आता त्यांच्यासमोर उभा राहून आपण घसरलो असं सांगत होता. जोलीनने बोलायचा प्रयत्न केला, पण तिची बाजूसुद्धा आता लंगडी वाटायला लागली होती. विधेयक दोन मतांनी पडलं. काठावरचे दोघं नंतर म्हणाले की आधीच्या आकड्याला आम्ही नकोच म्हणणार होतो, नव्यावर विश्वास बसला नाही.

बर्नडीन आणि तिची माणसं कोट घालून निघून गेली. त्यांना लांब जायचं होतं.

ग्वेनने त्याला खोलीत बोलावलं, दार लावलं. मग म्हणाली, "माझ्या लक्षात आलं होतं रे. सही करताना. मी म्हटलं, जड आहे तर असू दे, आपल्याला कोणी बोलणार नाही."

"हं."

"दोघांनी मिळून केलं आपण हे."

त्याला कोणी काढलं नाही, ठपकाही ठेवला नाही. एवढंच झालं की त्यापुढे त्याच्या टिपणावर सिनेटर लोक पान तीन उघडून वाचायला लागले, आणि मग ग्वेनला फोन करून विचारायला लागले की हे तुम्ही पाहिलंय ना. दोन्ही पक्षांचे लोक विचारायचे. म्हणजे त्या बाबतीत तो अजूनही निःपक्षपातीच राहिला म्हणायचा. अधिवेशन उठल्यावर त्याने निवृत्तीचा अर्ज दिला. मार्लिसने विचारलं, "बरं वाटतंय?" तो म्हणाला, "सांगता येत नाही." यावर ती चिडली नाही, कारण या वेळी ते खरं होतं.

जूनअखेर सरकारने स्कार्वोल्डला व्हॅन पाठवल्या. वर्लिनला दक्षिणेकडे, मोठ्या महामार्गालगतच्या शहरात खाट मिळाली होती. ओरिन स्वतःची गाडी घेऊन गेला. होमच्या दारात बर्नडीनने त्याच्या हातात औषधांची पिशवी दिली, कोणती गोळी जेवणाआधी, कोणती नंतर, हे नीट सांगितलं, दोनदा सांगितलं, आणि एकदाही त्याच्या डोळ्यांत पाहिलं नाही. मग वाकून वर्लिनच्या गालाला गाल लावला. ती उद्यापासून पेट्रोल पंपावरच्या दुकानात कामाला लागणार होती.

गाडी वर्लिनच्या शेताजवळून गेली. गहू हिरवागार होता. तास यंदाही वाकडेच होते. वर्लिन त्यावर एकदाही कुरकुरला नाही, आणि ओरिनने गाडीचा वेग वाढवला. कितीतरी मैल तसेच गेले. एका गावात ओरिनने बर्गर घेतले, वर्लिनचा बर्गर मधोमध कापून दिला. वर्लिनने एका हाताने खाल्ला, कागदाला बोटं पुसली.

"बर्नडीन रोज विचारायची," तो म्हणाला.

"काय?"

"तुझा भाऊ आपल्या बाजूने आहे की त्यांच्या. अंघोळ घालताना विचारायची, म्हणजे मला पळून जाता येऊ नये."

"मग? काय सांगायचास?"

"सांगायचो, आपल्या बाजूने आहे. त्याला बोलायची सोय नाही, एवढंच. ती म्हणायची, तुला त्याने तसं सांगितलंय का? मी म्हणायचो, हो, सांगितलंय." वर्लिन खिडकीबाहेर बघत होता. "तू कधीच सांगितलं नव्हतंस."

"नाही."

"मग मी तिच्याशी खोटं बोललो की खरं?"

ओरिनने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. मागून धान्याचा ट्रक हॉर्न वाजवत निघून गेला. "वर्लिन, तो आकडा मी दुरुस्त केला तेव्हा..."

"आकड्याचं नाही विचारलं."

ओरिनने दोन्ही हात स्टीअरिंगवर ठेवले. शब्द साधे होते, शाळेतल्या पोरालाही आले असते. "तुझ्या बाजूने," तो म्हणाला. "ते होम तिथेच राहायला हवं होतं मला. तू तिथेच राहायला हवा होतास." बोलून झाल्यावर तो रडायला लागला, साठीतला माणूस, भर दुपारी, महामार्गावर.

वर्लिनने त्याचं आटपेपर्यंत वाट पाहिली. मग उजव्या हाताने खिशातला फोन काढला, अंगठ्याने हळूहळू नंबर लावला. "बर्नडीन? मी बोलतोय. नाही, पोचलो नाही अजून. खाल्लं, खाल्लं. हे बघ, ओरिनला तुला काहीतरी सांगायचंय." आणि फोन भावाच्या कानाला धरला.

ओरिनने ते दुसऱ्यांदा सांगितलं, अडखळत, जवळजवळ त्याच शब्दांत.

"हे मार्चमध्ये म्हणायला हवं होतंस, ओरिन," बर्नडीन म्हणाली. मग संध्याकाळची गोळी वर्लिनला दुधाबरोबर द्यायची नाही, पाण्याबरोबर द्यायची, याची त्याला परत एकदा आठवण करून देऊन तिने फोन ठेवला.